न वाचलेली ओळ

४ फेब्रुवारी

बारके,

आधी आशीर्वाद घे, मग पुढचं वाच. भरपूर पाठवलेत, उरले तर डब्यात ठेव.

फोन करू नकोस, पत्रच लिही. फोन कानाला लावला की माझं कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि तू काय बोलतेस ते मला सोडून सगळ्या मजल्याला कळतं. शिवाय साठीनंतर मी वाचायला शिकले ती काय दुकानांच्या पाट्या वाचायला? तुझं पत्र आलं की मी दाराबाहेरच्या बाकावर बसते आणि मोठ्यानं वाचते. येणारे-जाणारे थांबतात. वरच्या मजल्यावरचा पोस्टातला माणूस म्हणाला, आजी, बातम्या देणारी बाईसुद्धा एवढ्या ठसक्यात वाचत नाही. मी म्हटलं, तिला कुठं अशी नात आहे!

आता कामाचं. समोरच्या दाराची शिवणवाली तुला आठवते ना? तुझ्या शाळेच्या फ्रॉकला दोन खिसे जास्तीचे लावून दिले होते बघ, तू खडे गोळा करायचीस म्हणून. तिच्या छातीत गाठ निघाली आहे. कॅन्सरची. अकरा मार्चला ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडली, घाबरू नका. पण गाठ उजव्या बाजूची. आणि काखेतल्या गाठीही काढाव्या लागल्या तर हात सुजतो, जड होतो, मशीन चालवता येत नाही, असं तिला दवाखान्यात शेजारी बसलेल्या कुठल्याशा बाईनं सांगितलं. डॉक्टरांचं एक ऐकलं नाही, त्या बाईचं मात्र तोंडपाठ!

मला म्हणाली, "छाती जाते तर जाऊ दे गं, तिनं कधी सुईत दोरा ओवला नाही. हात गेला तर मी कोण?"

मला काही बोलता आलं नाही. मी, आणि बोलता आलं नाही, म्हणजे बघ.

मग तिनंच विचारलं, तुझी नात कॅन्सरवरच काम करते ना, नेमकं काय करते? मी म्हटलं, मोठमोठी भिंगं बनवते. ती म्हणाली, म्हणजे चष्म्याचं दुकान का? तेव्हा नीट लिही. मला कळेल असं लिही, म्हणजे तिला कळेल.

जेवतेस का वेळेवर? नुसतं हो म्हणू नकोस, काय जेवतेस ते लिही.

तुझी आजी

*

९ फेब्रुवारी

आजी,

भात, वरण, अंडं. झालं समाधान?

आम्ही सूक्ष्मदर्शक बनवतो. पूर्वी पेशी बारकाईनं बघायच्या तर आधी त्या माराव्या लागत, रंगवाव्या लागत, काचेवर चिकटवाव्या लागत. म्हणजे एखाद्या माणसाचा फोटो बघितल्यासारखं. चेहरा कळतो, पण तो चालतो कसा, कोणाच्या घरात शिरतो, ते कळत नाही. आमच्या यंत्रात जिवंत पेशी बघता येते. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातला एक दिसेल इतकी बारीक. कॅन्सरची पेशी कशी हलते, कशी फुटून दोन होते, सगळं समोर घडताना दिसतं.

आणि आता ऐक. गेल्या आठवड्यात आम्ही काचेच्या डबीत कॅन्सरच्या पेशी ठेवल्या, त्यांच्यावर एका नव्या औषधाचे थेंब टाकले आणि बारा तास यंत्र दर दहा सेकंदांनी चित्र काढत राहिलं. पेशी आकसल्या. त्यांच्या अंगावर फुगे आले. मग एकेक करून फुटल्या. आजी, कॅन्सर मरताना मी माझ्या डोळ्यांनी बघितला! आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. त्या कधीच उठत नाहीत. पुढच्या महिन्यात आमच्या संस्थेच्या मोठ्या सभेत मी ही फिल्म दाखवणार आहे.

पण हे अजून डबीतलं आहे. माणसापर्यंत यायला कित्येक वर्षं लागतील, कदाचित येणारही नाही. म्हणून कोणाला सांगू नकोस, आणि शिवणवाल्या मावशींना तर मुळीच नको. त्यांनी ठरलेल्या तारखेला ऑपरेशन करून घ्यावं.

एक चित्र पाठवतेय. हिरवं दिसतंय ती पेशी.

तुझी बारकी

*

१६ फेब्रुवारी

माझ्या गुणाच्या बारके,

पत्र आल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. पोस्टातल्या माणसानं हातात आणून दिलं तेव्हा मी दळण निवडत होते, ते तसंच टाकलं, चष्मा शोधायला लागले आणि चष्मा नाकावरच.

बाकावर बसून वाचलं. पोस्टातला माणूस होता, खालची नर्सबाई होती, आणि शिवणवाली दारात उभी. मोठ्यानं वाचलं, एका शब्दाला अडले नाही. सूक्ष्मदर्शक सुद्धा एका दमात. "कॅन्सर मरताना मी माझ्या डोळ्यांनी बघितला" इथं आले तर शिवणवाली म्हणाली, परत वाच. परत वाचलं. म्हणाली, अजून एकदा. तिसऱ्यांदा वाचलं, पहिल्याहून मोठ्यानं.

पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर रंग बघितला गं. मला आत घेऊन गेली, चहा केला, दोनदा साखर घातली, इतकी खुशीत. तुझं चित्र तिनं उजेडात धरून बघितलं. मला तर सुटलेला लोकरीचा गुंडा वाटला, पण मी तसं म्हटलं नाही. म्हटलं, बघ, हाच तो, मरायच्या आधीचा.

मग मी म्हटलं, आमची बारकी एकदा कशाला हात घातला की तडीस नेल्याशिवाय सोडत नाही. यात काही खोटं नाही. लहानपणी भिंतीतला खिळा काढायला बसली होतीस, तर खिळ्याबरोबर भिंतीचा पोपडा घेऊनच उठलीस.

सभेत काय घालणार? तो राखाडी सदरा नको. त्यात तू उंदरासारखी दिसतेस.

तुझी आजी

*

२४ मार्च

आजी,

पत्राला उशीर झाला. कामाची गर्दी आहे. इथं खिडकीबाहेर रस्ता खणून ठेवलाय, धुळीनं काचा भरतात, यंत्राच्या खोलीचं दार सारखं बंद ठेवावं लागतं. सभा झाली. राखाडी सदरा घातला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

औषधाचं काम चालू आहे.

मावशींचं ऑपरेशन नीट झालं असेल. त्यांना नमस्कार सांग.

बारकी

*

३१ मार्च

बारके,

हे काय पत्र म्हणायचं? औषधाच्या बाटलीवरचा कागद याहून लांब असतो. मी बाकावर बसले, घसा खाकरला, आणि वाचायला लागेपर्यंत संपलंसुद्धा. पोस्टातला माणूस म्हणाला, बस्स? मला खोटं खोटं म्हणावं लागलं की मागच्या बाजूला घरगुती मजकूर आहे.

प्रेमात-बिमात पडलीस का? असशील तर सांग, मी रागावणार नाही. तुझी आई त्या दिवसांत अशीच तीन ओळींची पत्रं लिहायची, त्यातल्या दोन हवेवर असायच्या. की मोठी झालीस आता, टाळ्यांची सवय झाली? "लोकांनी टाळ्या वाजवल्या" म्हणे. भाजी आणली, भांडी घासली, टाळ्या वाजवल्या! अगं, किती लोक होते, कोण उभं राहिलं, मॅडम काय म्हणाल्या, काही लिहायचं की नाही? पण मी ओळखते तुला. स्वतःचं कौतुक सांगायला लाजतेस. माझ्यावर गेली नाहीस एवढं खरं.

आणि ऑपरेशन कसलं? झालंच नाही! ते सांगायचं राहिलं होतं. शिवणवालीनं दहा मार्चला दवाखान्यात कळवून टाकलं की मी सध्या थांबते. तिथल्या बाईनं विचारलं का, तर म्हणाली, माझ्या ओळखीत औषध निघतंय. मला नंतर सांगितलं. मला जरा चरकल्यासारखं झालं, नाही असं नाही. पण तिला मशीनवर बसलेली बघितली, गुणगुणत होती, आणि म्हटलं, असू दे. तुला दोन-तीन महिने लागतील असं मी अंदाजानं सांगितलंय. जास्त लागत असतील तर कळव, म्हणजे तिला तसं सांगते.

गाठ थोडी मोठी झाल्यासारखी वाटते म्हणते. पण ती सारखी चाचपते, त्यानंही होत असेल.

तुझ्यासाठी एक झगा शिवायला घेतलाय तिनं, कामावर घालायला. खिसे मोठे ठेवतेय.

तुझी आजी

*

५ एप्रिल

आजी,

हे पत्र बाकावर वाचू नकोस. आत जा, दार लाव, एकटी वाच.

औषध नाही. औषधानं काही केलं नव्हतं. पेशी माझ्या उजेडानं मेल्या.

नीट सांगते. इतकं बारीक बघायचं तर उजेड फार तीव्र लागतो, लेसरचा. तो जिवंत पेशीला भाजतो. म्हणून शेजारी दुसरी डबी ठेवायची असते, बिनऔषधाची, आणि तिच्यावरही तेवढाच उजेड तेवढाच वेळ टाकायचा. दोन्हींत फरक दिसला तर तो औषधाचा. मी दुसरी डबी ठेवली होती. पण यंत्राचा वेळ वाचवायला तिचं चित्र फक्त दोनदा काढलं, सुरुवातीला आणि शेवटी. ती जिवंत राहिली, आणि मी म्हटलं, बघा, औषध.

सभेनंतर चार दिवसांनी मी बिनऔषधाच्या डबीवर तसाच बारा तास उजेड टाकला. तशाच आकसल्या. तसेच फुगे. तशाच फुटल्या. आणि औषध घालून अंधारात ठेवलेल्या पेशी? मजेत जगतायत.

सगळ्यात वाईट ते अजून लिहिलं नाही. हा विचार मला फिल्म दाखवायच्या आधीच आला होता. एकदा, दात घासताना. मी चूळ भरली आणि तो विचारही टाकून दिला, कारण फिल्म फार सुंदर होती. आणि खरं कळल्यापासून तीन आठवडे मी हे मॅडमना सांगितलेलं नाही. लेख छापायला गेलाय. मी रोज त्यांच्या दारावरून जाते आणि पाण्याची बाटली भरून परत येते.

आजी, मी तर लिहिलं होतं ना, मावशींना सांगू नकोस म्हणून? तारखेला ऑपरेशन करून घ्या म्हणून? मग त्या का थांबल्या?

आजच्या आज समोरच्या दारात जा. त्यांना सांग की बारकीचं औषध नाही, नव्हतं. सगळा दोष माझ्यावर घाल. पण आजच जा.

बारकी

*

१५ एप्रिल

बारके,

पत्र पोचलं. दार लावून वाचलं, तू म्हणालीस तसं.

तू जिवाला लावून घेऊ नकोस. उजेडाचं काय, कोणाच्याही हातून होतं. जेवण सोडू नकोस. इकडे ऊन फार आहे. माझ्या कानातल्या यंत्राची बॅटरी संपली होती, ती आणायला गेले तर दुकान बंद, मग दुसऱ्या दिवशी गेले तर त्यांच्याकडे त्या मापाची नव्हती. दोन दिवस काही ऐकू येत नव्हतं. बरंच वाटलं म्हण ना. नळाचं वायसर बदललं. पोस्टातल्या माणसाच्या मुलीला नोकरी लागली.

शिवणवाली बरी आहे. मशीनचा आवाज येतो. तिच्याकडे गेले होते, पण गिऱ्हाईक बसलेलं, मापं चालू होती, त्यांच्यासमोर काय बोलणार? दुसऱ्यांदा गेले तर ती तुझ्या झग्याला काजं करत होती. हसून म्हणाली, ये. मी म्हटलं, सहज आले होते, आणि परत फिरले. सांगते, सांगते. एकदा निवांत बसून सांगते.

तुझी आजी

*

१९ एप्रिल

आजी,

मी सांगितलं.

परवा सकाळी मॅडमच्या खोलीत गेले. दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या, औषधाची आणि बिनऔषधाची, आणि म्हटलं, ओळखा कुठली कुठली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कधीपासून माहीत आहे?" मी तारीख सांगितली. म्हणाल्या, "चुकीबद्दल मला काही वाटत नाही. चुका मीही ढीगभर केल्यात. ही तारीख सांगू नकोस कोणाला, इतकी वाईट आहे." मग स्वतःच म्हणाल्या, "नाही. सांग."

काल सगळ्यांना बोलावलं. ज्या पडद्यावर टाळ्या मिळाल्या त्याच पडद्यावर दाखवलं. तारीखही सांगितली. माझे कान इतके तापले होते की वाटलं, लांबून दिसत असतील. शेवटी कोणीतरी एकच प्रश्न विचारला, लेख परत मागवला का? मी हो म्हटलं. सगळे खुर्च्या सरकवून निघून गेले. शेजारच्या टेबलावरचा मुलगा रोज माझ्यासाठी चहा आणायचा, त्यानं आज फक्त स्वतःचा आणला.

तुझं पत्र वाचलं. आजी, वायसर बदलायला तुला वेळ मिळाला.

मी लहान असताना काही लपवलं की पहिल्यांदा हवेवर बोलायची. तू म्हणायचीस, ऊन-पाऊस राहू दे, काय फोडलंस ते सांग.

काय फोडलंस, आजी?

बारकी

*

२८ एप्रिल

बारके,

आज सरळ सांगते. मध्ये दुसरंच काही यायला लागलं तर तिथंच हात थांबवीन.

तुझ्या फेब्रुवारीच्या पत्रातली ती ओळ मी वाचली नव्हती. म्हणजे मी वाचली होती, मनात, आणि मोठ्यानं वाचली नाही. "कॅन्सर मरताना बघितला" तिसऱ्यांदा वाचून झालं, शिवणवालीचे डोळे चकाकत होते, पोस्टातला माणूस "वा" म्हणाला, आणि खाली बघते तर "पण हे अजून डबीतलं आहे". कुठून आली ही ओळ, असं वाटलं. मी एकदम "एक चित्र पाठवतेय" वर गेले. मग तुला लिहिलं, एका शब्दाला अडले नाही. खरंच अडले नाही. उडीच मारली तर अडेन कशी?

तिला बरं वाटावं म्हणून केलं, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होते. ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे बाकावर बसलेली मी. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत, आणि मला ते संपायला नको होतं. एवढ्यासाठी शिकले का मी वाचायला? साक्षरतेच्या वर्गातली बाई आम्हाला शिकवायची, बोट ओळीखाली ठेवा म्हणजे ओळ चुकत नाही. मी बोट ठेवूनही चुकवली.

तुझं "काय फोडलंस" वाचलं आणि उठले. दोन्ही पत्रं घेतली, फेब्रुवारीचं आणि उजेडाचं. ती मशीनवर होती. मी म्हटलं, मशीन थांबव. तिनं थांबवलं. आधी फेब्रुवारीचं वाचलं, पहिल्यापासून, ती ओळ धरून. मग दुसरं. माझा आवाज कधी नव्हे तो इतका बारीक झाला होता की तिला म्हणावं लागलं, "जरा मोठ्यानं वाच गं."

वाचून झालं. ती म्हणाली, "ती ओळ तेव्हाही होती?"

"होती."

"मला वाटलंच होतं. वाचता वाचता तू मध्येच थांबलीस, पान या हातातून त्या हातात घेतलंस. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू वाचली असतीस."

बारके, ती अर्धी लाज स्वतःच्या पदरात ओढत होती. मी म्हटलं, "नको. तुला भीती होती. मला फुशारकी मारायची होती. दोन्ही एका कापडाचे तुकडे नाहीत."

ती उठली. तुझा झगा घडी करून खुर्चीवर ठेवला आणि दार उघडून उभी राहिली, म्हणजे मी जावं म्हणून. चाळीस वर्षांत तिनं मला दार दाखवलं नव्हतं.

तीन दिवस मशीन बंद. मी तिच्या दाराला कान लावायची, यंत्र शिट्टी मारायचं, मग लाजून बाजूला व्हायची. बाकावर बसले नाही. पोस्टातल्या माणसानं विचारलं, नातीचं काय म्हणणं, तेव्हा त्याला जिन्यात उभं करून सगळं सांगितलं. नर्सबाईलाही. ज्यांच्यासमोर वाचलं होतं त्यांना सांगायलाच हवं होतं. पोस्टातला माणूस म्हणाला, आजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी म्हटलं, मग कुठं लावू?

चौथ्या दिवशी तिनं दार वाजवलं. "उद्या दवाखान्यात जायचंय. पिशवी धरायला कोणी नाही." बस एवढंच.

गेलो. डॉक्टरांनी तपासलं, जुना कागद काढला, नवा बघितला, चष्मा काढून विचारलं, "सात आठवडे कुठं होतात तुम्ही?"

ती जमिनीकडे बघत बसली. मला कळलं, ती माझं नाव घेणार नाही. आणि तेच मला सहन होईना. मी म्हटलं, "माझ्यामुळे थांबली. मी तिला खोटी आशा लावली."

"तुम्ही कोण?"

"शेजारीण."

डॉक्टरांनी मला ओरडायला हवं होतं. ते नुसते "बरं" म्हणाले आणि लिहायला लागले. गाठ वाढली आहे. काखेत आता गाठी हाताला लागतात. तेव्हा नव्हत्या. पाच मे ठरलंय.

तू दोष तुझ्यावर घाल म्हणालीस. घालायचा म्हटलं तरी बसत नाही गं. तू तर लिहिलं होतंस. पण आपण दोघी एका घरच्या शोभतो एवढं खरं. तू तीन आठवडे बाटली भरलीस, मी वायसर बदललं.

तुझी आजी

*

१२ जून

बारके,

तुझी मेची दोन्ही पत्रं मिळाली. आता तुम्ही मंद उजेडात बघता, चित्र धूसर येतं, पण पेशी जगते, हे वाचलं. धूसर तर धूसर. यंत्राशी नवा माणूस आला की मॅडम त्याला आधी तुझ्या त्या दोन फिल्म दाखवायला सांगतात, आणि तुला दर वेळी उभं राहून बोलावं लागतं, हेही वाचलं. चहाचं काय झालं ते लिहिलं नाहीस. म्हणजे अजून स्वतःचा स्वतः आणतेस.

शिवणवाली घरी येऊन चार आठवडे झाले. छातीची एक बाजू काढली, काखेतल्या सोळा गाठी काढल्या, त्यातल्या पाचांत कॅन्सर होता. पुढची औषधं सुरू झालीत. डॉक्टरांना मी एकदा बाहेर गाठून विचारलं, मार्चमध्ये केलं असतं तर काखेत नसताच का? ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित तेव्हाही असेल. नर्सबाई म्हणाली, बघा आजी, कदाचित काही फरकही पडला नसता. मी त्या "कदाचित"ला हात लावत नाही. ते घेतलं तर मला झोप लागेल, आणि तिचा हात काही हलका होणार नाही.

हात सुजतो. खांद्याच्या वर जात नाही. मशीनवर दहा मिनिटं बसली की उठते. गिऱ्हाइकांचं कापड परत पाठवलं, मीच दारोदार जाऊन दिलं. लोक विचारायचे, बाईंना काय झालं? मी सांगायची. एका घरात मला पाणी विचारलं, एका घरात विचारलं नाही. दोन्ही ठीक.

एकदा तिला म्हटलं, मला माफ कर. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माफी-बिफी मला जमत नाही आत्ता. हात दुखतोय. तू एक काम कर. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, असा व्यायाम दिलाय. रोज दहा वेळा. एकटी असले की मी चुकवते. तू येऊन उभी राहा."

म्हणून आता रोज सकाळी जाते. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहते, बोटं मुंगीसारखी एकेक करून वर चढतात, कोपर थरथरतं, ओठ दाताखाली. जिथं थांबेल तिथं मी शिंप्याच्या खडूनं रेघ मारायची, खाली तारीख. डॉक्टरांकडची बाई आठवड्यानं येऊन बघते, कुठपर्यंत चढलं, त्यावरून पुढचं ठरवते. रेघा अशा वर-वर जाव्यात असं तिला सांगितलंय. चार दिवस गेल्या. मग तीन दिवस एकाच जागी.

काल ती बाई यायची होती. सकाळी शिवणवाली उभी राहिली. बोटं चढली, चढली, आणि परवाच्या रेघेच्याही दोन बोटं खाली थांबली. तिनं परत केलं. परत तिथंच. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, दुखल्याचं की कशाचं कोण जाणे.

मला म्हणाली, "वरच्या रेघेवरच मार गं आजची. कोण बघायला आलंय? एवढे दिवस चढले, आज खाली गेले म्हणायचं तर तोंड कसं दाखवू? दोनच बोटांचा तर प्रश्न आहे. मार ना."

खडू माझ्या हातात. तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर. बारके, तिनं माझ्याकडे काही मागायचं आणि मी नाही म्हणायचं, अशी माझी लायकी आहे का गं आता? वाटलं, मारावी रेघ, हसवावं तिला, तेवढं तरी माझ्या हातून व्हावं.

मी बोटाला बोट लावून बघितलं. जिथं तिचं बोट होतं तिथंच रेघ मारली. खाली तारीख घातली.

तिनं हात खाली घेतला, रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "मेली कुठली." आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

तुझी आजी